सेवा सरकारी झाली, माणसं मात्र बाहेर गेली : फ्रीडम हाऊसचा धडा

108 रुग्णवाहिकेचे कामगार आंदोलनाला बसले की आपल्या चळवळीतून एक मागणी हमखास येते : ठेकेदार हटवा, सेवा सरकारी करा. मागणी रास्त आहे, पण आमच्या मते ती अर्धी आहे. का, हे समजण्यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचा इतिहास पाहावा लागेल.

1960 च्या दशकात तिथे रुग्णाला दवाखान्यात नेण्याचं काम बहुतेक वेळा पोलीस करत. पोलिसांच्या गाडीत स्ट्रेचर टाकायचं आणि गाडी पळवायची; वाटेत उपचार जवळपास शून्य. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नव्हता आणि आली तरी तिच्यातून पोलीसच उतरणार. 1967 साली याच समाजातल्या तरुणांना घेऊन फ्रीडम हाऊस रुग्णवाहिका सेवेची उभारणी सुरू झाली. तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत विकसित करणारे डॉ. पीटर सफर यांनी प्रशिक्षण आखलं. ज्यांना कुणी कामावर ठेवायला तयार नव्हतं, ज्यांतल्या काहींची शाळाही अर्ध्यात सुटली होती, त्या तरुणांनी सुमारे 300 तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं. 1968 पासून गाड्या धावू लागल्या आणि पहिल्याच वर्षी पाच हजारांहून अधिक वेळा त्या रुग्णांसाठी धावल्या. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या पथकासोबत काम करताना तयार केलेला अभ्यासक्रम अमेरिकेतल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला. ‘मेरिट’चं तुणतुणं वाजवणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

पण ही नोकरी संस्थेची होती. पगार कमी आणि भवितव्य महापालिकेच्या करारावर टांगलेलं. 1975 साली महापालिकेने तो करार संपवून स्वतःची सेवा सुरू केली. म्हणजे आपण मागतो तेच झालं! फ्रीडम हाऊसच्या लोकांना सामावून घेण्याचं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या जोड्या फोडल्या, नव्या परीक्षा लावल्या, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी उकरल्या आणि कमी अनुभवाचे गोरे त्यांच्यावर नेमले. एकेक जण गळत गेला. जॉन मून यांच्यासारखे मोजके टिकले आणि वरच्या पदापर्यंत पोहोचले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र शहरातले पॅरामेडिक जवळपास सगळे गोरे होते. कामगारांच्या हातात आश्वासन होतं, हक्क नव्हता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे 108 सेवा 2014 साली सुरू झाली, तीच ठेक्यावर. पैसा सरकारचा, रुग्ण सरकारी दवाखान्याचा, पण कामगार ठेकेदाराचा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात जिल्हा परिषदेच्या जुन्या कायम चालकाकडे सेवापुस्तक आहे, वेतन आयोग आहे, हक्काची रजा आहे. त्याच आवारात उभ्या असलेल्या 108 च्या चालकाकडे बारा तासांची पाळी आणि ठेका बदलला की काय होईल ही धास्ती. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट : ठेकेदाराच्या भरतीला बिंदुनामावली नाही. संविधानाच्या अनुच्छेद 16(4) मधलं आरक्षण राज्याच्या सेवेतल्या पदांना आहे. पदच ठेकेदाराकडे गेलं की आरक्षण रद्द न करताही संपतं.

1943 साली, मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा मिळवल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, 1946 च्या कायदा दुरुस्तीने, कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणला. कामाचे तास आणि प्रतिनिधित्व या बाबासाहेबांसाठी दोन वेगळ्या लढाया नव्हत्या. आपणही त्या वेगळ्या करू नयेत.

म्हणून आमची मागणी पूर्ण मांडतो. रुग्णवाहिकेची पदं शासनाने मंजूर करावीत. आज काम करणाऱ्यांचा अनुभव भरतीत धरावा आणि वयाची अट शिथिल करावी, नाहीतर नवी परीक्षा हेच त्यांना बाहेर काढण्याचं हत्यार होईल. चालकापासून डॉक्टर आणि पर्यवेक्षकापर्यंत प्रत्येक पदाला बिंदुनामावली लावावी. पाळी आठ तासांची असावी. तोवर प्रत्येक ठेक्याच्या करारात या अटी घालाव्यात; करार शासनच करतं, तेव्हा अटी घालणंही त्याच्याच हातात आहे.

नुसतं ‘सरकारी करा’ म्हणून आपण घरी गेलो, तर पिट्सबर्ग इथेही घडेल.

जय भीम!