अमेरिकेंतील भगिनीमंडळें आणि शाळकरी मुलगी

आपल्याकडे मुलगी शाळेच्या शेवटल्या वर्गांत गेली कीं घरांत दोन चिंता शिरतात : गुण किती पडतील आणि प्रवेश कोठें मिळेल. अमेरिकेच्या दक्षिण भागांत, म्हणजे अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास अशा राज्यांत, पुष्कळ सुखवस्तु घरांना एक तिसरीहि चिंता असते. विद्यापीठानें मुलीला घेतलें. पण तेथल्या कोणत्या ‘सोरॉरिटी’नें तिला आपली म्हटलें?

सोरॉरिटी म्हणजे कॉलेजांतील मुलींचें भगिनीमंडळ. ग्रीक वर्णमालेंतील दोन किंवा तीन अक्षरें हें त्याचें नांव, स्वतःचें घर, स्वतःचा बिल्ला, दीक्षेच्या वेळीं घ्यावयाची गुप्त शपथ आणि जन्मभर न सुटणारें सभासदत्व. येथें नुसता अर्ज करून भागत नाहीं. आंत असलेल्या मुली बाहेरच्या मुलींना निवडतात. म्हणून तयारी शाळेपासूनच चालू होते. गुण हवेतच, पण शाळेच्या संघांत एखादें पद हवें, समाजसेवेचे तास हवेत, एक प्रसन्न छायाचित्र हवें, आणि अगदीं अलीकडेपर्यंत त्या मंडळाच्या जुन्या सभासद बाईंचें शिफारसपत्रहि लागे. मंडळ निराळें तर पत्रहि निराळें. तेव्हां आई वही घेऊन बसे आणि आठवूं लागे : चर्चमध्यें भेटणाऱ्या त्या बाई कोणत्या मंडळाच्या ? दंतवैद्याची पत्नी कोणत्या ? लग्नाच्या याद्या करणाऱ्या आपल्या घरांना हें दृश्य अगदींच परकें वाटूं नये.

श्रोतेहो, ही सारी खटपट पाहून हसूं येतें खरें. पण हीं मंडळें ज्या मुलींनीं काढलीं त्यांची हकीकत हसण्यासारखी नाहीं.

१८३७ सालीं ओहायोंतील ओबर्लिन कॉलेजनें चार मुलींना पदवीच्या अभ्यासक्रमाला घेतलें. त्यापूर्वीं अमेरिकेंत मुलींना पुरुषांच्या बरोबरीनें ही वाट खुली नव्हती. जॉर्जियांतील मेकन येथें खास मुलींसाठीं वेस्लियन फीमेल कॉलेज निघालें होतें. तेथें १८५१ सालीं युजीनिया टकर नांवाच्या मुलीनें कांहीं मैत्रिणींना जमवून ‘अॅडेल्फियन’ मंडळ काढलें. ह्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या, म्हणजे आजच्या हिशेबानें शाळकरीच. निबंध वाचावे, वादविवाद करावे, एकमेकींना अभ्यासाला लावावें एवढाच हेतु. दुसऱ्याच वर्षीं तेथें आणखी एक मंडळ निघालें. आजचीं ‘अल्फा डेल्टा पाय’ आणि ‘फाय म्यू’ हीं मंडळें तीं हींच.

१८६७ च्या एप्रिलमध्यें इलिनॉयमधील मॉन्मथ कॉलेजच्या बारा मुली होल्ट नांवाच्या गृहस्थांच्या घरीं एका भाड्याच्या खोलींत जमल्या. कॉलेजांतील मुलांचीं गुप्त मंडळें होतीं; तशीच आपलीहि एक संस्था असावी, आणि ती एका कॉलेजापुरती न राहतां देशभर पसरावी, असें त्यांनीं ठरविलें. ‘पाय बीटा फाय’चा हा आरंभ.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती इंडियानांतील बेटी लॉक हिची गोष्ट. तिचे वडील इंडियाना अॅस्बरी विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक होते. १८६७ सालीं तेथें प्रथमच मुलींना प्रवेश मिळाला, आणि त्या पहिल्या मूठभर मुलींत बेटी होती. सारा वर्ग मुलांचा. मुली आल्या हेंच अनेकांना खपत नव्हतें. मुलांच्या एका मंडळानें तिला आपला बिल्ला लावण्याचा मान देऊं केला. बिल्ला लाव, पण सभासदत्व मागूं नकोस, असा त्याचा अर्थ. तिनें पूर्ण सभासदत्व मागितलें. तें मिळेना, तेव्हां बिल्लाहि नाकारला. आणि १८७० च्या जानेवारींत तिघी मैत्रिणींना घेऊन तिनें ‘कॅपा अल्फा थीटा’ हें स्वतःचें मंडळ स्थापिलें. शोभेची वस्तु होण्यास नकार देणाऱ्या मुलीच्या हातून हें रोपटें लागलें, हें पुढची हकीकत ऐकतांना विसरूं नये.

तो काळहि ध्यानांत घेतला पाहिजे. १८७३ सालीं बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क ह्यांनीं एक पुस्तक लिहून, मुलांसारखें शिक्षण दिल्यास मुलींच्या प्रकृतीची धूळधाण होईल असें बजावलें, आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. अशा वातावरणांत चारचौघींनीं एक खोली घेऊन एकमेकींची पाठराखण करणें ही चैन नव्हती. त्याच वर्षींच्या नाताळांत मिसिसिपींतील ऑक्सफर्ड येथें, सुटींत घरीं जाऊं न शकलेल्या तीन मुलींनीं ‘डेल्टा गॅमा’ काढलें; आणि तें कॉलेजांत नव्हे, तर मुलींच्या एका शाळेंत. ‘सोरॉरिटी’ हा शब्द मात्र नंतरचा. भगिनी ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो सिरॅक्यूज विद्यापीठांतील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली ह्यांनीं सुचविला. तोंवर ह्या मुली आपल्या मंडळांना बंधुमंडळेंच म्हणत !

ह्याच सिरॅक्यूजमध्यें निघालेल्या ‘अल्फा फाय’च्या सभासद आणि पुढें अध्यक्षा म्हणजे मद्यपानबंदीच्या चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां विलार्डबाईंशीं त्यांचा स्नेह जडला. १८८९ च्या आपल्या अमेरिकेवरील पुस्तकांत रमाबाईंनीं तिकडील स्त्रियांच्या संस्थांचें वर्णन मोठ्या आदरानें केलें आहे. बायका एकत्र येऊन काय करूं शकतात ह्याचें त्यांना फार अप्रूप वाटलें. वाटणारच.

मग बिघडलें कोठें ? माझ्या मतें, मंडळांची संख्या वाढली आणि मुलींसाठीं त्यांच्यांत चढाओढ लागली तेथें. मध्य-पश्चिमेकडील पुष्कळ लहान कॉलेजांना जोडून एक पूर्वतयारीचा विभाग असे, म्हणजे शाळाच. त्या विभागांतील मुलींकडून, पुढें आमच्याच मंडळांत येईन, असें वचन आधींच घेऊन ठेवण्याची प्रथा पडली. नवी मुलगी कॉलेजांत पाऊल ठेवते न ठेवते तोंच तिला पार्ट्यांनीं आणि भेटींनीं घेरावयाचें, ह्या धामधुमीला ‘रश’ हें नांव पडलें आणि आजतागायत टिकलें. अखेर १९०२ च्या मे महिन्यांत सात मंडळांच्या प्रतिनिधी शिकागो येथें जमल्या आणि त्यांनीं एक कायमची परिषद स्थापिली. तिच्या अगदीं पहिल्या करारांपैकीं एक असा कीं, विद्यापीठांत रीतसर नांव दाखल होण्यापूर्वीं कोणत्याहि मुलीला सभासदत्वासाठीं बांधून घेऊं नये. नियम करावा लागला ह्यावरूनच शाळकरी मुलींवर केवढा डोळा होता हें कळतें.

वचन घेणें बंद झालें. पण वचनाची आशा कोण बंद करणार? विसाव्या शतकाच्या आरंभीं हायस्कूलच्या मुलामुलींनींच कॉलेजची नक्कल चालविली. ग्रीक अक्षरें, शपथा, बिल्ले, आणि अर्थात् कोणाला घ्यावयाचें नाहीं ह्याच्या याद्या. शिक्षक आणि पालक अस्वस्थ झाले. सरकारी शाळा ही सर्वांच्या करांतून चालते; तींत चौदा वर्षांच्या मुलींनीं आपसांत उच्चनीच ठरवावें हें लोकशाहीला शोभत नाहीं, असा त्यांचा मुद्दा. सिअॅटलचा तंटा १९०६ सालीं आणि शिकागोचा १९०८ सालीं त्या त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही ठिकाणीं निकाल शाळामंडळाच्या बाजूनें लागला. कॅलिफोर्नियानें १९०९ सालीं कायद्यानेंच अशा मंडळांना बंदी केली.

कायद्यानें नांव जातें, खोड जात नाहीं. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथें हायस्कूलच्या मुलींचा ‘मान्याना क्लब’ होता. ग्रीक अक्षरें नाहींत, म्हणून सोरॉरिटी नाहीं, असा बचाव. पुढें प्रसिद्धीस आलेल्या लेखिका जोन डिडियन शाळेंत असतांना ह्याच क्लबांत होत्या. त्यांचा दीक्षाविधि झाला तो राज्याच्या गव्हर्नरच्या वाड्यांत, कारण गव्हर्नर अर्ल वॉरन ह्यांची कन्याहि क्लबची सभासद होती. हेच वॉरन पुढें देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९५४ सालीं गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा निकाल त्यांनींच लिहिला. कोणाच्या घरांत काय चालेल तें सांगवत नाहीं ! अखेर १९६६ सालीं अशा क्लबांवरील सॅक्रामेंटोच्या शाळामंडळाची बंदी न्यायालयानें उचलून धरली. सभासदच सभासद निवडतात, आणि ती निवड गुणांवर नसून मर्जीवर असते, हें त्यांतलें मर्म.

कॉलेजांतहि सारेच गप्प बसले नव्हते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजांत फ्रेडा कर्चवे ह्या विद्यार्थिनीनें भगिनीमंडळांविरुद्ध मोहीम चालविली. १९१३ सालीं तेथें नव्या मुली घेणें थांबविण्यांत आलें आणि पुढें तीं मंडळें उठलींच. १९४४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठानेंहि तीं बंद केलीं. तेथें विद्यार्थिनींची संख्या वाढली होती, घरें तेवढींच राहिलीं होतीं, आणि दरवर्षीं नाकारल्या जाणाऱ्या मुलींचें दुःख पाहवेनासें झालें होतें. अनेक दशकांनंतर मंडळें तेथें परत आलीं, ही गोष्ट निराळी.

आणि जिला उंबरठ्याशींहि उभें केलें जात नव्हतें ती मुलगी ? काळ्या मुलींना गोऱ्यांच्या मंडळांत प्रवेश नव्हता. ज्यू आणि कॅथलिक मुलींनींहि ह्याच कारणानें आपापलीं मंडळें काढलीं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत १९०८ सालीं ‘अल्फा कॅपा अल्फा’ निघालें आणि १९१३ सालीं बावीस विद्यार्थिनींनीं ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापिलें. स्थापनेला दोन महिनेहि झाले नव्हते तोंच ३ मार्च १९१३ रोजीं राजधानींत निघालेल्या मताधिकाराच्या प्रचंड मिरवणुकींत ह्या मुली सामील झाल्या. गोऱ्या संयोजकांना काळ्या स्त्रियांचें येणें अडचणीचें वाटत होतें; तरी त्या चालल्या.

ह्याच डेल्टांनीं १९२० सालीं ‘मे सप्ताह’ सुरू केला. मे महिन्यांतील एक आठवडा काळ्या मुलींना उच्च शिक्षणाचें महत्त्व पटवून देण्यासाठीं राखून ठेवला. १९२२ सालीं इंडियानापोलिस येथें ‘सिग्मा गॅमा ऱ्हो’ स्थापन करणाऱ्या सातहि जणी शाळाशिक्षिका होत्या. ह्याहि मंडळांत निवड आहे, तेथेंहि मुली नाकारल्या जातात; त्यांना सोंवळें ठरविण्याचा माझा हेतु नाहीं. पण शाळेंतील मुलीची कॉलेजासाठीं तयारी म्हणजे काय, ह्याचा एक वेगळा अर्थ त्यांनीं लावला होता. मंडळानें मुलीला पारखण्यापूर्वीं तिला कॉलेजापर्यंत पोंचविण्याचा भार त्यांतल्या बायकांनीं उचलला होता.

गोऱ्यांच्या मंडळांचें दार सावकाश उघडलें. १९५६ सालीं ‘सिग्मा कॅपा’च्या कॉर्नेल आणि टफ्ट्स येथील शाखांनीं काळ्या मुलींना घेतलें, तेव्हां मध्यवर्ती मंडळानें त्या शाखाच निलंबित केल्या. आणि फार दूर कशाला ? २०१३ च्या सप्टेंबरमध्यें अलाबामा विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानें उघडकीस आणलें कीं, शाळेंत उत्कृष्ट गुण मिळविलेल्या काळ्या मुलींना कांहीं मंडळांतील विद्यार्थिनी घ्यावयास तयार असतांहि जुन्या सभासद बायकांनीं अडविलें. आंतल्याच कांहीं मुलींनीं हें बाहेर सांगितलें. मोठा गवगवा झाला, मुलींनीं आणि प्राध्यापकांनीं विद्यापीठांत मोर्चा काढला, आणि अध्यक्षांना निवडीचें दार पुन्हां उघडावयास लावावें लागलें. तेव्हां कांहीं काळ्या मुलींना त्या मंडळांचीं निमंत्रणें गेलीं. त्यांनीं शाळेंत तयारींत काय कमी ठेवलें होतें ?

आपल्या मुलीहि आतां ह्या कथेंत आहेत. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या घरांतील मुलींनीं १९९८ सालीं टेक्सास विद्यापीठांत दक्षिण आशियाई मुलींचें ‘कॅपा फाय गॅमा’ हें भगिनीमंडळ काढलें. बेटी लॉकनें काढलें त्याच रीतीनें : दुसऱ्यांच्या घरांत आपली जागा दिसेना, म्हणून आपलें घर.

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ मंडळांनीं आई-आजीच्या सभासदत्वामुळें मिळणारी सवलत काढून टाकली, शिफारसपत्रेंहि अनेकांनीं आवश्यक ठेविलीं नाहींत. पण २०२१ च्या ऑगस्टमध्यें अलाबामाच्या मुलींनीं आपापल्या पोषाखांचीं चलच्चित्रें टिकटॉकवर टाकलीं आणि तीं जगभर पाहिलीं गेलीं. शाळेंतल्या मुलींना ह्या निवडीची तालीम देणारे सल्लागारहि पैसे घेऊन काम करतात. आईच्या वहीची जागा त्यांनीं घेतली आहे.

अलाबामांत दरवर्षीं ऑगस्टमध्यें दोन हजारांहून अधिक मुली ह्या निवडीला उभ्या राहतात. आठवडाभर त्या एका घरांतून दुसऱ्या घरांत जातात. रोज दोन्हीकडच्या याद्या आखूड होत जातात. शेवटीं मुली आपली पसंती लिहून देतात, मंडळें आपली देतात, आणि दोहोंचा मेळ घातला जातो. नंतर विद्यापीठाच्या भव्य फुटबॉल क्रीडांगणावर प्रत्येकीच्या हातांत एक बंद पाकीट येतें. एका इशाऱ्यासरशीं सगळ्या तीं फोडतात आणि किंकाळ्या मारीत आपापल्या घराकडे धांवत सुटतात. ज्यांचें नांव कोणत्याच यादींत नसतें त्या तेथें नसतात. त्यांना आधींच टेलिफोन गेलेला असतो.