चुलीत आलेला दगडी कोळसा

ब्राह्मणपाऱ्यातील मराठी वस्तीचा इतिहास सांगताना १७४१ मधील भास्करपंतांच्या स्वारीपासून आणि रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. त्या इतिहासात स्वयंपाकघर सहसा येत नाही. वास्तविक तेथेही एक मोठे स्थित्यंतर घडले, आणि ते आगगाडीने आणले.

१८७७ साली बालवयातील नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपुरास आले ते बैलगाडीने. तेव्हा येथे रूळ नव्हते. बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. १८९१ मध्ये तिचा मार्ग आसनसोलला भिडला आणि राणीगंजच्या खाणी रायपूरशी जोडल्या गेल्या. पुढे कोरबा-चिरमिरीचा कोळसा तर घरचाच झाला. सरपणाच्या मोळीशेजारी कोळशाचे पोते येऊन बसले.

चूल मात्र लाकडासाठी घडविलेली. लाकूड राखेवर आडवे पडून तोंडाकडून येणाऱ्या हवेवर जळते. दगडी कोळशाला हवा खालून लागते. तो तसाच चुलीत टाकला तर नुसता धुमसतो. म्हणून चुलीच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी बसवून खाली राखेसाठी व हवेसाठी पोकळी ठेवावी लागे. आच इतकी प्रखर की मातीला तडे जात, लिंपण पुनःपुन्हा करावे लागे. जेथे हे जमेना तेथे बादलीची शेगडी आली. तळाशी गोवऱ्या (इकडे त्यांना छेना म्हणतात), त्यांवर ढलप्या, वर कोळसा. ती अंगणात पेटवून, धूर सरल्यावरच आत आणावयाची.

खरा धोका येथूनच सुरू होतो. धूर गेला म्हणजे विषही गेले, असा समज होतो. परंतु कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. हवा अपुरी पडली की तो लाल निखाऱ्यातूनही निघतो. छत्तीसगडची गोरसी आणि आपली बाळंतिणीची शेगडी, दोन्ही थंडीत दारे लावून बाजेजवळ ठेवण्याची रीत. लाकडी कोळसाही निर्धोक नाहीच. दगडी कोळसा मात्र तासन्‌तास धुमसत राहतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही विषबाधेची लक्षणे. बाळंतिणीच्या बाबतीत ती सहज अशक्तपणाची समजली जावीत! जुन्या घरांतील वरचा उघडा झरोका अशा वेळी जीव राखणारा ठरतो, मग तो कोणी कशासाठीही ठेवलेला असो.

गॅस आला, चुली गेल्या. गोरसी मात्र डिसेंबर-जानेवारीत अजून पेटते. अपूर्ण ज्वलनाचा पाठ शिकविताना आमच्या विज्ञानशिक्षिका तिचेच उदाहरण देतात, आणि घरचा झरोका उघडा आहे की जुन्या वर्तमानपत्राने बुजविलेला, हे मुलांना पाहून यावयास सांगतात.