प्रामाणिकपणा व अब्रू : शब्दांचा इतिहास

सचोटी आणि सामाजिक मान या कल्पना परस्परांना जवळच्या असल्या, तरी त्यांचे नाते सर्व भाषांत सारखे नाही. लॅटिनमध्ये दोहोंचे शब्द एकाच मुळाचे आहेत. मराठीत ते निरनिराळ्या उगमांचे आहेत.

लॅटिन ‘होनोर’ म्हणजे मान व मानाचे अधिकारपदही. रोमन प्रजासत्ताकातील पदांच्या चढत्या क्रमास ‘कुर्सुस होनोरुम’ म्हणत. त्यापासून झालेल्या ‘होनेस्तुस’चा अर्थ ‘मान्यवर’. सिसरोने दे ओफिकिइस (इ. स. पू. ४४) या ग्रंथात ‘होनेस्तुम’ ही संज्ञा नैतिक श्रेयासाठी योजिली. फ्रेंचमधून इंग्रजीत सु. १३०० मध्ये आलेल्या ‘ऑनेस्ट’चा आरंभीचा अर्थ प्रतिष्ठित, सभ्य असा होता, सत्यवचनी हा अर्थ पुढे प्रधान झाला.

मराठी ‘प्रामाणिक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमाण’ म्हणजे माप, पुरावा यापासून आला. हिंदीत तो आजही मुख्यतः ‘पुराव्याने सिद्ध’ या अर्थी येतो. मराठीने तो माणसास लावला. ‘इमान’ हा अरबी शब्द मुळात ईश्वरनिष्ठेचा. मराठीत तो दिल्या शब्दाशी निष्ठा दर्शवितो. मानवाचक शब्दांपैकी ‘अब्रू’ फार्सी असून त्याचा मूळ अर्थ ‘चेहऱ्याचे पाणी’, म्हणजे तेज. ‘इज्जत’ अरबीत सामर्थ्य व गौरव सुचविते.

मानाचे शब्द फार्सी-अरबी का, याचे उत्तर राज्यव्यवहारात सापडते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात महादेव कोळी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान होते. धुळबारराव यास १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून ‘निमशाह’ हा किताब मिळाल्याची नोंद ठाणे गॅझेटिअरमध्ये (१८८२) आहे. पुढील राजांच्या विक्रमशाह, पतंगशाह या नावांतही ‘शाह’ हे फार्सी पद दिसते. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. याउलट, दक्षिणेस वसईत १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता असूनही त्यांचा लॅटिनोद्भव ‘ओंरा’ (मान) मराठीत रुजला नाही. पोर्तुगीजांकडून मराठीने पगार, चावी, बटाटा असे व्यवहारातील शब्द घेतले.

या भेदाचा परिणाम कायद्यातही जाणवतो. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ मधील अब्रूनुकसानीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तीनुसार केलेला आरोप खरा असणे एवढेच बचावास पुरत नाही. तो लोकहितार्थ केलेला असावा लागतो. अब्रू इतरांच्या दृष्टीत वसते व प्रामाणिकपणा पुराव्यावर उभा असतो. म्हणून अब्रूदार मनुष्य प्रामाणिक असेलच असे नाही आणि किताब वा पद नसलेल्या मनुष्यासही प्रामाणिक म्हणवून घेता येते. लॅटिन परंपरेस शतकानुशतकांच्या अर्थांतराने साधलेला हा भेद मराठीत शब्दांच्या व्युत्पत्तीतच आढळतो.