जीपची नातवंडे आणि अल ऐनच्या वाटा

अल ऐनला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबाचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या वर्षी घर आणि मुलांची शाळा मार्गी लागते. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्स हाती येते आणि एक छोटी जपानी गाडी दारात उभी राहते. तिसऱ्या हिवाळ्यात कोणी स्नेही आपल्या उंच गाडीतून सर्वांना वाळूत फिरवून आणतो, आणि परतताना मुले विचारतात, "बाबा, आपण कधी घ्यायची अशी गाडी?" त्यानंतर दोन-चार दिवसांत माझा फोन वाजतो. मी यंत्र अभियंता, त्यातून इथला जुना रहिवासी, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपोआप आले आहे.

नवी फोर बाय फोर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणजे घ्यायची ती जुनी. आणि जुनी गाडी घेताना पणाला लागते ती केवळ काही वर्षांची शिल्लक नव्हे. सांगलीहून आलेल्या आजी मागच्या सीटवर आहेत, दुपारचा एक वाजला आहे, मोबाईलला रेंज नाही आणि इंजिन तापून बंद पडले आहे, असा प्रसंग या मुलुखात गमतीचा राहत नाही. म्हणून मी कोणालाही थेट "ही घ्या, ती घेऊ नका" असे सांगत नाही. आधी या गाड्यांचा इतिहास सांगतो. कोणती गाडी कशासाठी जन्मली हे कळले की निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

मोटारीपूर्वीचे अल ऐन

आज ज्याला आपण अल ऐन म्हणतो ते पूर्वी बुरैमी ओअॅसिस या नावाने ओळखले जाई. एकूण नऊ गावे. त्यांतली अल ऐन, हिली, कत्तारा, जिमी, मुवैजी आणि मुतारद ही सहा अबू धाबीकडे, तर बुरैमी, हमासा आणि सारा ही तीन ओमानकडे. १९४६ ते १९६६ अशी वीस वर्षे शेख झायेद येथे अबू धाबीच्या शासकांचे प्रतिनिधी होते. अबू धाबी येथून सुमारे १६० किलोमीटर. आज दीड-दोन तासांचा हा प्रवास तेव्हा उंटावरून कित्येक दिवस घेई. विल्फ्रेड थेसिजर हा इंग्रज प्रवासी रुब अल खालीचे वाळवंट दोनदा ओलांडून आला तो उंटावरूनच, आणि मुवैजीला तो झायेद यांचा पाहुणा होता. मोटार आली की बदूंचे जगणे संपणार, ही खंत त्याने १९५९ च्या आपल्या 'अरेबियन सँड्स' या पुस्तकात मांडली आहे.

त्याची भीती खोटी नव्हती, पण दुसरी बाजूही आहे. १९६० साली केनेडी या अमेरिकन डॉक्टर दांपत्याने येथे रुग्णालय सुरू केले. आजचे कनाद हॉस्पिटल ते हेच. अडलेल्या बाळंतिणीला तिथवर पोचवायचे तर उंटापेक्षा चार चाके बरी, हे सांगायला कोणा विद्वानाची गरज नव्हती. आपल्याकडे डोलीतून दवाखान्यात न्यावे लागणाऱ्या कोकणातल्या वाड्यांना हे लगेच समजेल.

एका आजोबांची नातवंडे

वाळवंटात पहिल्याप्रथम रुळली ती लँड रोव्हर. तिची कुळकथा पाहायची तर दुसऱ्या महायुद्धात जावे लागते. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्या जगभर विखुरल्या. त्यांतली एक ब्रिटनमधील रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर होती. तिच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. पोलादाची टंचाई होती म्हणून तिचे अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. ते गंजत नसे, हा फायदा आखाताच्या दमट किनाऱ्यावर आयताच मिळाला.

जपानमध्येही तेच घडले. टोयोटाने १९५१ मध्ये जीपच्या धर्तीवर गाडी केली. पण 'जीप' हे नाव दुसऱ्याच्या मालकीचे, म्हणून १९५४ मध्ये तिचे बारसे 'लँड क्रूझर' असे झाले. निस्सान पेट्रोलचा जन्मही १९५१ चाच. मित्सुबिशीने तर १९५३ पासून परवाना घेऊन विलीजची जीपच बनवली आणि त्या अनुभवातून १९८२ मध्ये पजेरो काढली.

या घराण्याची एक शाखा आपल्या मुंबईत आहे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच महिंद्र कंपनी माझगावला विलीज जीपची जुळणी करू लागली होती. मामलेदाराची जीप, जिल्हा परिषदेची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रातले ते प्रसिद्ध वडाप, सारे या माझगावच्या शाखेचे वंशज. तेव्हा अल ऐनच्या सनैयातल्या जुन्या गाड्यांच्या रांगेत लँड क्रूझर, पेट्रोल आणि पजेरो शेजारी शेजारी दिसल्या तर परके वाटून घेऊ नका. ही सगळी आपल्या वडापची चुलत-मावस भावंडे आहेत.

विलायती मागे पडली

१९५१ मध्ये ब्रिटिशांनी ट्रुशल ओमान लेव्हीज हे दल उभे केले. सौदी तुकडीने १९५२ मध्ये हमासा ताब्यात घेतल्यावर जो बुरैमीचा तंटा पेटला, त्यात १९५५ च्या ऑक्टोबरात याच दलाने लष्करी कारवाई केली. त्या काळात येथे लँड रोव्हरचेच राज्य होते. तरीही पुढच्या वीस वर्षांत बाजी जपान्यांनी मारली.

कारणे साधी होती. १९६० मध्ये आलेल्या चाळीस मालिकेच्या लँड क्रूझरला ट्रकच्या जातीचे सहा सिलिंडरचे दणकट इंजिन होते. लँड रोव्हरचे इंजिन चार सिलिंडरचे. मऊ वाळूत गाडी चालते ती सतत ताकद मिळत राहिली तर. दम सुटला की चाके रुतलीच. दुसरे कारण दुकानदारीचे. दुबईच्या अल फुत्तैम यांनी १९५५ मध्येच टोयोटाची एजन्सी घेतली होती. यंत्र कितीही चांगले असो, सुटा भाग वेळेवर मिळाला नाही तर त्याची किंमत भंगाराची.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये शेख झायेद अबू धाबीचे शासक झाले, तेलाचा पैसा रस्त्यांत उतरला आणि अल ऐनला डांबरी रस्ता आला. १९७१ मध्ये अमिरातींचे संघराज्य झाले आणि १९७६ मध्ये येथे विद्यापीठ निघाले. डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते अशी आपली मंडळी या लाटेबरोबर येऊ लागली.

कामाची गाडी घरची झाली

तोवर या गाड्या हाडे खिळखिळी करणाऱ्या होत्या, कारण चाकांवर ट्रकसारखे पाटे होते. १९७० च्या रेंज रोव्हरने पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणल्या, पण ती श्रीमंतांची. पेट्रोलने १९८७ मध्ये आणि लँड क्रूझरने ऐंशी मालिकेत, १९९० च्या सुमारास, हाच मार्ग धरला. गाडीत वातानुकूलन होते, तिसरी रांग होती, आणि पाटेही गेले. आता आजीसुद्धा बसू शकत होत्या. १९९१ मध्ये दारियुश झांदी यांचे अमिरातीतील आडवाटांवरचे पुस्तक निघाले आणि शुक्रवारच्या सुट्टीत डबे बांधून वाडीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, जाण्याची चाल घरोघर पडली. त्या काळी अल ऐनहून बुरैमीत जाताना कोणी अडवत नसे. या शतकाच्या पहिल्या दशकात कुंपण आले, आणि आता पलीकडच्या वाटांसाठी पासपोर्ट, व्हिसा आणि ओमानसाठीचा गाडीचा विमा, तिन्ही लागतात.

येथे वाटा फुटल्या. पेट्रोलने पुढेमागे अखंड अॅक्सल ठेवला. १९९८ च्या शंभर मालिकेपासून लँड क्रूझरची पुढची चाके बहुतेक मॉडेलांत स्वतंत्र झाली. पजेरोने १९९९ मध्ये वेगळी चॅसी सोडून चॅसी आणि बॉडी एकजीव केली. त्यामुळे ती रस्त्यावर कारसारखी स्थिर झाली, पण वाळूच्या उंच कड्यांवर वर्षानुवर्षे आपटण्यासाठी ती घडलेली नाही.

पाण्यात बुडालेली गाडी

अल ऐनमध्ये जुनी गाडी घेणाऱ्याने एक तारीख पाठ करावी: १६ एप्रिल २०२४. त्या पावसात अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. देशभर असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. २००५ मध्ये अमेरिकेतील कॅटरिना वादळानंतर तिथल्या बुडालेल्या गाड्याही आखातापर्यंत पोचल्या होत्या.

आमच्या मंडळातील एका कुटुंबाबरोबर मी अशीच एक चकचकीत गाडी पाहायला गेलो. विक्रेता अत्तराचा फवारा मारून बसला होता. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ. आम्ही चहा घेतला आणि निघालो. पट्टा, कार्पेटखालचा थर, सीटच्या बोल्टवरचा गंज, दिव्यांच्या काचेतील धुके आणि डिफरन्शियलच्या तेलाचा दुधी रंग, या पाच साक्षीदारांना लाच देता येत नाही.

शिवाय गाडी आखातासाठी बनवलेली आहे की अमेरिकेतून आणलेली, हे मुल्कियाबरोबर तपासावे. आखाती गाडीची रेडिएटर आणि वातानुकूलनाची व्यवस्था येथील उन्हाळ्याच्या हिशेबाने असते. पैसे देण्यापूर्वी जबल हफीतवर एक फेरी मारावी. बारा किलोमीटरच्या आसपासचा हा घाट, साठ वळणे. एसी पूर्ण चालू ठेवून चढताना तापमानाचा काटा हलला, तर तो रेडिएटरचा कबुलीजबाब समजावा. उतरताना ब्रेकचा वास आणि स्टिअरिंगची थरथर कळते. खाली आल्यावर फोर व्हील लो गिअर टाकून पाहावा. कित्येक गाड्यांत तो वर्षानुवर्षे वापरलेलाच नसतो. टायर पाच वर्षांहून जुने असतील तर त्यांची किंमत भावातून वजा करावी.

तर मग कोणती?

माझे मत विचाराल तर असे. मुख्यतः वाड्या, खडकाळ वाटा, हफीतच्या पायथ्याची पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी, आणि हिवाळ्यात दोन-चार वेळा सौम्य वाळू, एवढाच बेत असेल तर पजेरो किंवा प्राडो पुरे. पजेरोचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले, तरी इतक्या गाड्या येथे आहेत की भागांची अडचण पडत नाही. लिवाच्या डोंगराएवढ्या टेकड्यांची ओढ असेल तर पेट्रोल किंवा लँड क्रूझर, आणि पेट्रोलच्या टाकीचा खर्च आनंदाने सोसण्याची तयारी. मात्र उंच केलेली, मोठे टायर चढवलेली, इंजिनात फेरफार केलेली गाडी कुटुंबासाठी घेऊ नये. तिच्या आधीच्या मालकाने हौस पुरवून घेतलेली असते, बिल आपल्याला येते.

गाडी घेतल्यावरही काही पथ्ये आहेतच. वाळूत शिरताना टायरची हवा पंधरा पौंडांच्या आसपास उतरवावी, म्हणजे रबर पसरते आणि भार वाटला जातो. रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरावी. एकट्या गाडीने जाऊ नये. फावडे, दोर, हवेचा पंप आणि माणशी पाच लिटर पाणी डिकीत असावे. पाऊस असेल तर वाडीकडे फिरकू नये. २०२३ पासून वाहत्या वाडीत गाडी घालणाऱ्याला दोन हजार दिरहॅम दंड, तेवीस काळे गुण आणि साठ दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे, आणि पाण्याचा लोंढा तर दंडही न आकारता सारेच घेऊन जातो.

उंटाच्या काळातले बदू निघण्यापूर्वी जनावराचे पाय, पाठ आणि कुबड निरखून पाहत. आपणही गाडीचे चाक, पोट आणि काटा तेवढ्याच बारकाईने पाहावे. रंग आणि गाणी वाजवायची यंत्रणा नंतर पाहता येते.