'दिवाण' शब्दाची कुळकथा

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास 'दिवान' हा शब्द भेटला, की कोशकार त्याच्यापुढे अनेक अर्थ टाकून मोकळा होतो : पाठ नसलेले गादीचे लांब आसन, तुर्की सुलतानाची मंत्रिसभा, आणि अरबी, फारसी वा तुर्की कवितांचा संग्रह. आसन, राजसभा आणि काव्य यांचे नाते काय, हे कोश सांगत नाही. विद्यार्थी बिचारा घोकून बेजार होतो. परंतु तो बीडकडील असेल, तर घोकण्याचे त्यास काहीच कारण नाही, असे आमचे मत आहे.

या शब्दाचे मूळ लेखनात आहे. प्राचीन इराणी भाषेत लेखास 'दिपि' म्हणत. अशोकाच्या शाहबाजगढी येथील लेखांतही हेच रूप येते, आणि आपली 'लिपि' त्याच कुळातली. दिपीपासून दिवाण, म्हणजे दप्तराची जागा, असे बहुतेक पंडित मानतात. इब्न खल्दून (१३३२–१४०६) या इतिहासकाराने मात्र एक मौजेची कथा दिली आहे. इराणच्या बादशहाने आपले कारकून स्वतःशीच पुटपुटत हिशेब करताना पाहिले व 'दीवाने!', म्हणजे 'वेडे!', असे तो उद्गारला. तेच नाव कचेरीस पडले. ही व्युत्पत्ती टिकणारी नव्हे; पण वसुलीच्या दिवसांत कचेरीत डोकावलेल्या मनुष्यास ती पटल्यावाचून राहणार नाही.

खलिफा उमर (६३४–६४४) याने शिपायांच्या नेमणुकांची वही इराणी धर्तीवर घातली, ती दिवाण. वहीवरून कचेरी, कचेरीवरून तेथील सभा, आणि आपल्याकडे त्या सभेचा मुख्य, असा अर्थ सरकत गेला. कवीच्या रचना ज्या वहीत उतरल्या, तीही दिवाणच. सभेच्या दालनात भिंतीलगत गाद्या-लोड असत. दालनाचे नाव पुढे त्या बैठकीस मिळाले.

स्पेनमध्ये हा शब्द दोनदा गेला. ७११ नंतर अरबांबरोबर 'अद्-दीवान' आला. त्याचे 'आदुआना' झाले, व १४९२ मध्ये ग्रानाडा पडून अरबांचे राज्य संपले तरी ते राहिले. अर्थ मात्र एकच उरला, जकातीचे नाके. व्यापाऱ्यास सरकारचे जे अंग रोज भिडले, तेच त्याने लक्षात ठेविले! पुढे तुर्कांकडून 'दिवान' निराळा आला. एका आईची ही दोन लेकरे, पण परस्परांस ओळख देत नाहीत.

आमच्याकडे हे घर मोडले नाही. राज्यव्यवहारकोशाने शिवकाळात फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी दिवाण हटला नाही. आणि परका म्हणून त्यास हाकलणारांनी लिपीचा आप्तच दाराबाहेर काढला असता. मोगली सुभ्यात महसूल व मालमत्तेचे तंटे दिवाणाकडे असत. म्हणून जमिनीच्या बांधावरून भांडणारे दोघे भाऊ बीडच्या न्यायालयात आजही 'दिवाणी' दावाच लावतात. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग (कारभार १८५३–१८८३) यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. त्या राज्यातील शेतकऱ्यास दिवाण म्हणजे सारा घेणारे सरकार. वाड्यातील मंडळींस दिवाणखाना. आणि आजच्या गृहिणीस अंथरुणे ठेवण्याची पेटी असलेला पलंग.

राहिला काव्यसंग्रह. गोदावरीपलीकडील औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, हे वली व सिराज या दखनी कवींचे गाव. १९४८ पर्यंत निजामी राज्यातील दुय्यम शिक्षण बहुतांशी उर्दूतून होई. त्यामुळे बीडकडील कित्येक मराठी घरांतील वडीलधाऱ्यांस 'वलीचा दिवान' म्हणजे पुस्तक, हे सांगावे लागत नसे. ती पिढी आता जवळजवळ गेली, आणि तिच्याबरोबर हा अर्थही मराठी बोलण्यातून उठून गेला. त्यांच्या नातवंडांस तो आता स्पॅनिश कोशात सापडेल.