आजोबांचं सागवानी कपाट आणि एमडीएफचं स्वयंपाकघर

जुन्या घरांबद्दल इथे पुष्कळ लिहून झालंय. आज थोडं लाकडाबद्दल.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांनी करून घेतलेलं बलसाडी सागाचं कपाट होतं. हलवायला चार माणसं लागत. सगळी जोडणी खाचेत खाच बसवलेली. त्या काळी घरोघरी साग, आणि ऐपत असली तर संखेड्याचा रंगीत झोपाळा.

मी बँकेत लागलो तोवर प्लायवूड आणि सनमायका आले होते. 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. सागाचे भाव आधीच आवाक्याबाहेर गेले होते, ते काही खाली आले नाहीत. मग एमडीएफ आलं. अमेरिकेत 1960 च्या दशकात ते कारखान्यात निघू लागलं, आपल्याकडे 1980 च्या दशकात. निलगिरीसारख्या लागवडीच्या लाकडाचे तुकडे वाफवून त्याचे तंतू करायचे, त्यात रेझिन मिसळायचं आणि गरम दाबाखाली फळी करायची. ना रेषा, ना गाठ. रंग सुरेख बसतो, नक्षी सहज कापता येते.

2012 मध्ये समाच्या तळमजल्यावरच्या घरात स्वयंपाकघर नवं केलं. मी तीन कोटेशनं मागवली आणि बँकवाल्याच्या सवयीने सगळ्यात कमी आकडा निवडला: वरपासून खालपर्यंत साधं एमडीएफ. मिस्त्री म्हणालाही होता, "साहेब, सिंकखाली प्लाय घ्या." मी ऐकलं नाही. उलट आजोबांचं कपाट काढून टाकू म्हणत होतो. सौ.ने साफ नकार दिला.

ऑगस्ट 2024. विश्वामित्रीचं पाणी घरात दोन दिवस होतं. ओसरल्यावर पाहिलं तर खालची कपाटं पावासारखी फुगलेली, कडा सुटलेल्या, बिजागऱ्यांचे स्क्रू हातात आले. आजोबांच्या कपाटाचा खालचा खण भिजून पांढरा पडला, दारं पंधरा दिवस अडकली. मग वाळली आणि उघडली. आत सौ.च्या आईची पैठणी होती, वरच्या खणात, कोरडी.

सौ. एवढंच म्हणाली, "तुमच्या वहीत या कपाटाचा घसारा किती धरला होता?"

खरं सांगायचं तर एमडीएफचा दोष नाही. वरची कपाटं, भिंतीवरचे खण अजून उत्तम आहेत, आणि त्यासाठी जुना साग तोडावा लागला नाही. चूक माझी. आता खाली मरीन प्लाय, तेही पायांवर उचललेलं. एमडीएफ घेताना कडा नीट बंद करून घ्या, कडेत स्क्रू मारू देऊ नका, रेझिनमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी ई-1 दर्जा विचारा. आणि कापताना मिस्त्रीला मास्क द्या, तो भुसा फार बारीक असतो.

तुमच्याकडे पुरानंतर काय टिकलं? जरूर लिहा.