लेखी प्रश्न आणि उत्तरदायी शासन : भारतीय विधिमंडळांतील प्रश्नाधिकाराचा ऐतिहासिक आढावा (१८९२ ते २०२०)

प्रस्तावना

संसदीय शासनपद्धतीत कार्यकारी मंडळ हे कायदेमंडळाला जबाबदार असते, हे विधान राज्यशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. ही जबाबदारी प्रत्यक्षात कोणत्या साधनांनी वसूल केली जाते, याचा विचार मात्र त्या मानाने कमी होतो. अविश्वासाचा ठराव हे सर्वांत प्रखर साधन असले तरी ते क्वचित वापरले जाते आणि बहुमतातील सरकारपुढे बहुधा निष्फळ ठरते. याउलट प्रश्न हे दररोजचे साधन आहे. ते विरोधी सदस्याला उपलब्ध आहे, तसेच सत्ताधारी पक्षाच्या सदस्यालाही आहे. आणि त्यासाठी बहुमताची गरज नाही.

प्रस्तुत लेखात भारतातील प्रश्नाधिकाराच्या विकासाचा आढावा घेऊन त्यातील एका सूत्राकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे. लेखी प्रश्नामुळे सरकारला स्वतःच्या शब्दांत एक नोंद करून द्यावी लागते, हे त्याचे मुख्य सामर्थ्य होय. परंतु त्या नोंदीचा पाठपुरावा करणारा कोणी असेल तरच ती उत्तरदायित्वाचे रूप घेते. नोंद आणि पाठपुरावा या दोन अंगांच्या आधारे हा इतिहास पाहता येईल.

प्रश्नाधिकाराची पूर्वपीठिका

ब्रिटनमध्ये सरकारला सभागृहात विचारलेला पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा मानला जातो. साउथ सी कंपनीच्या आर्थिक घोटाळ्यातील फरारी रोखपाल रॉबर्ट नाइट याला पकडण्यात आले आहे काय, अशी विचारणा लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात केली होती. सार्वजनिक पैशाच्या गैरव्यवहारातून हा प्रश्न जन्मला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे कॉमन्स सभागृहात प्रश्नांची संख्या इतकी वाढली, की १९०२ मध्ये तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नांना तारा लावण्याची व उरलेल्या प्रश्नांना लेखी उत्तर देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. आपल्याकडील ‘तारांकित’ आणि ‘अतारांकित’ या संज्ञांचे मूळ या पद्धतीत आहे.

हिंदुस्थानात मात्र वाट सरळ नव्हती. १८५३ च्या सनदी कायद्यान्वये स्थापन झालेल्या विधान परिषदेने आपल्याला संसदेसारखे अधिकार आहेत असे गृहीत धरून कार्यकारी मंडळाच्या कारभाराविषयी विचारणा सुरू केली. तिचे हे वर्तन भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांना रुचले नाही. परिणामी १८६१ च्या कौन्सिल कायद्याने परिषदेचे काम केवळ कायदे करण्यापुरते मर्यादित केले. प्रश्नाची धास्ती राज्यकर्त्यांना किती लवकर वाटू लागली होती, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे कौन्सिलात प्रश्नाला जागा नव्हती.

१८९२ ते १९१९ : उपप्रश्नासाठीची वाटचाल

राष्ट्रीय सभेच्या स्थापनेनंतर प्रश्न विचारण्याच्या अधिकाराची मागणी तिच्या पहिल्या अधिवेशनापासून होत राहिली. १८९२ च्या कायद्याने ती अंशतः मान्य केली. आगाऊ सूचना देऊन सदस्याला माहिती मागता येऊ लागली. परंतु प्रश्न नाकारण्याचा अधिकार अध्यक्षाकडे राहिला, आणि मिळालेल्या उत्तरावर चर्चा करण्यास मनाई होती.

या अधिकाराखालील पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगा संस्थानच्या राजांनी केंद्रीय कौन्सिलात विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना शिधासामग्री पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणारा जाच हा त्याचा विषय होता. प्रश्नकर्ता एक जमीनदार राजा होता. परंतु प्रश्नामागची तक्रार गावच्या बाजारपेठेतली होती. प्रश्न विचारणाऱ्याचा वर्ग कोणता हे महत्त्वाचे आहेच. पण सरकारी दप्तरात एरवी न पोहोचणारी तक्रार या मार्गाने छापील कार्यवृत्तात दाखल झाली, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

मुंबई प्रांताच्या कौन्सिलात याच सुमारास फिरोजशहा मेहता, आणि १८९५ पासून लोकमान्य टिळक, यांसारखे सदस्य आले. सरकार नियुक्त सदस्यांचे बहुमत असलेल्या त्या सभागृहात मतदानाने काही साध्य होणे अशक्यप्राय होते. अशा परिस्थितीत प्रश्न आणि अंदाजपत्रकावरील भाषण हीच शस्त्रे हाती उरत होती.

तथापि एक उणीव कायम होती. सरकारने अपुरे उत्तर दिले तर पुढे काय? १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली. १९१९ च्या कायद्यानंतर ती मुभा कोणत्याही सदस्याला मिळाली. वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटतो. वस्तुतः त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. लेखी उत्तर खात्यातील लिपिक आणि सचिव मिळून तयार करतात. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून, स्वतःच्या जाणकारीवर उत्तर द्यावे लागते. १८९२ मध्ये नोंदीचा अधिकार मिळाला. पाठपुराव्याचा अधिकार सर्व सदस्यांना मिळण्यास आणखी सत्तावीस वर्षे लागली.

मुंध्रा प्रकरण : नोंद आणि पाठपुरावा यांचा संगम

स्वातंत्र्यानंतर या दोन्ही अंगांचा एकत्रित प्रभाव १९५७-५८ च्या मुंध्रा प्रकरणात सर्वाधिक स्पष्टपणे दिसून आला. जानेवारी १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. लक्षावधी विमेदारांची बचत आता एका सार्वजनिक संस्थेच्या हाती होती. जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला यासाठी आधी घेण्यात आला नव्हता.

४ सप्टेंबर १९५७ रोजी लोकसभेत काँग्रेसचेच सदस्य डॉ. राम सुभग सिंह यांनी या गुंतवणुकीविषयी प्रश्न विचारला. मिळालेले उत्तर त्रोटक होते; संपूर्ण व्यवहार त्यातून उलगडला नाही. विषय तेथेच संपला असता तर आज तो कोणाच्या स्मरणातही राहिला नसता. परंतु नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रश्न आला, कंपन्यांचा तपशील सरकारकडून पुढे आला, आणि १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी सभागृहातील चर्चेत सरकारच्याच उत्तरांचा आधार घेऊन व्यवहाराची चिरफाड केली. महामंडळाने बाजारभावापेक्षा चढ्या दराने खरेदी का केली, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. प्रश्नाधिकार हा केवळ विरोधकांचा अधिकार नव्हे, याचे यापेक्षा समर्पक उदाहरण मिळणे कठीण.

पुढील घटनाक्रम सुपरिचित आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. त्यांनी मुंबईत खुली चौकशी केली व फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल दिला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. या अहवालातील एक तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. मंत्र्यांनी संसदेला शक्य तितक्या लवकर विश्वासात घेऊन सर्व संबंधित माहिती तिच्यापुढे ठेवली पाहिजे. अन्यथा तीच माहिती संसदेला अन्य मार्गांनी मिळून नंतर अधिक अडचण होते, असे छगला यांनी प्रतिपादन केले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, अपुरे उत्तर हे सरकारच्या हिताचेही नसते.

पाठपुराव्याची संस्था : आश्वासन समिती

प्रत्येक प्रश्नाला फिरोज गांधी लाभत नाहीत. म्हणूनच पाठपुराव्याला संस्थात्मक रूप देणे आवश्यक होते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे वाक्य सरकारी उत्तरांत नेहमी आढळते. अशी वाक्ये विस्मृतीत जाऊ नयेत यासाठी लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या कारकिर्दीत, १ डिसेंबर १९५३ रोजी, शासकीय आश्वासन समिती स्थापन करण्यात आली. सभागृहात दिलेले आश्वासन साधारणतः तीन महिन्यांत पुरे व्हावे, अशी अपेक्षा असते. मुदतवाढीच्या विनंत्या वारंवार येतात हे खरे असले, तरी अपूर्ण उत्तराचा हिशेब ठेवणारी यंत्रणा निर्माण झाली, ही मोठी उपलब्धी होय.

प्रश्नाला मोल आहे म्हणूनच त्याचा बाजारही मांडला जाऊ शकतो. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणी डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे दहा व राज्यसभेचा एक अशा अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. सदस्याने प्रश्न कोणासाठी विचारला, हाही उत्तरदायित्वाचाच भाग आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

२०२० : उपप्रश्नाविना लेखी प्रश्न

आजच्या नियमानुसार लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितांपैकी मोजक्याच प्रश्नांना प्रत्यक्ष तोंडी उत्तर मिळते. बाकी सर्व व्यवहार लेखीच असतो. आणीबाणीत, जुलै १९७५ च्या अधिवेशनात, केवळ शासकीय कामकाज घेण्याचे ठरवून प्रश्नोत्तराचा तासच स्थगित करण्यात आला होता. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात परिस्थिती निराळी होती. कोविडच्या साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, पण अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे सुरू राहिली. अर्थात नोंद शिल्लक राहिली आणि उपप्रश्न गेला. १९०९ पूर्वीची स्थिती थोड्या दिवसांसाठी का होईना, परत आली.

या अधिवेशनातील दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. १४ सप्टेंबर रोजी, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला या प्रश्नावर, अशी आकडेवारी ठेवली जात नाही आणि म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे लेखी उत्तर श्रम मंत्रालयाने लोकसभेत दिले. त्याच मंत्रालयाच्या माहितीनुसार एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले होते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले होते. ही घटना साऱ्या देशाला ठाऊक होती. तिची गणना मात्र मंत्रालयाच्या लेखी नव्हती. उपप्रश्नाची सोय असती तर कोणत्याही सदस्याने हा विरोधाभास तत्काळ दाखवून दिला असता.

परंतु त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला श्रमिक विशेष गाड्यांमधील मृत्यूंविषयी प्रश्न विचारण्यात आला. राज्यांच्या पोलिसांकडील माहितीच्या आधारे, ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाल्याचे लेखी उत्तर मिळाले. दोन्ही प्रश्नांचा विषय जवळचा. पण एक व्यापक होता, तर दुसरा जेथे नोंद ठेवलीच जाते अशा खात्याकडे नेमकेपणाने रोखलेला होता. उपप्रश्न नसतानाही सदस्य दुसरा, अधिक नेमका लेखी प्रश्न विचारून पाठपुरावा करू शकतो, हा यातून मिळणारा धडा आहे. तो पाठपुरावा समोरासमोरच्या उपप्रश्नाची जागा पूर्णतः घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. कारण ‘आकडेवारी का ठेवली नाही’ याचे उत्तर त्यातून मिळाले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भारतातील प्रश्नाधिकार ही राज्यकर्त्यांची एकरकमी देणगी नव्हती. १८६१ मध्ये विचारणेची वाट बंद झाली. १८९२, १९०९ व १९१९ या टप्प्यांनी ती पुन्हा उघडली.

२. लेखी उत्तराचे मोल त्यातील माहितीपुरते मर्यादित नसते. त्रोटक किंवा नकारात्मक उत्तरही सरकारला बांधून ठेवणारी नोंद असते. १९५७ मधील अपुरे उत्तर पुढे सरकारलाच अडचणीचे ठरले. २०२० मधील ‘आकडेवारी नाही’ हे उत्तर प्रशासनाने काय मोजायचे टाळले याचा कायमस्वरूपी पुरावा बनले.

३. उपप्रश्न, चर्चा वा समिती यांपैकी एकाची तरी जोड नसेल, तर लेखी प्रश्न केवळ दप्तरात भर घालतो. म्हणून अपवादात्मक परिस्थितीतही उपप्रश्नाला दिलेली सुटी ही केवळ वेळेच्या नियोजनाची बाब मानता येणार नाही.

इतिहास व राज्यशास्त्राच्या अध्यापकांसाठी यात एक व्यावहारिक सूचनाही दडलेली आहे. विधिमंडळांची प्रश्नोत्तरे हे छापील स्वरूपात उपलब्ध असलेले आणि पदवी स्तरावरील विद्यार्थ्यालाही हाताळता येण्याजोगे प्राथमिक साधन आहे. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने पाच वर्षांत कोणते प्रश्न विचारले, त्यांना कोणती उत्तरे मिळाली आणि कोणती मिळाली नाहीत, एवढा एक प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, तरी उत्तरदायित्व ही संकल्पना त्यांना व्याख्येपलीकडे समजेल. शिवाय दिलेल्या उत्तराचा पाठपुरावा करणाऱ्यांत त्यांचीही भर पडेल.